बाळंतविड्याच्या लाळेऱ्यांचा गोट: कोल्हापुरातील एका शिवण गटाचे प्रकरण

पार्श्वभूमी

कोल्हापूरच्या एका जुन्या पेठेत सात महिलांचा बचत गट गेली काही वर्षे शिवणकाम करतो. ब्लाउज, परकर, फॉल-पिको हे त्यांचे रोजचे काम. एका पावसाळ्याच्या सुरुवातीला महाद्वार रोडच्या परिसरातील लहान मुलांच्या कपड्यांच्या एका दुकानाने त्यांना ६० बाळंतविड्यांची मागणी दिली, आणि नवरात्रापूर्वी सगळा माल पोहोचवायचा असे ठरले. प्रत्येक विड्यात दोन झबली, एक कुंची, एक दुपटे आणि दोन लाळेरी असणार होती. गटाला एकाच वेळी मिळालेले हे सर्वांत मोठे काम होते. मी शिवण शिकवते आणि या गटातील दोघी माझ्याकडे शिकलेल्या आहेत, म्हणून अडचण आल्यावर मला बोलावणे आले. व्यक्ती ओळखू येऊ नयेत यासाठी नावे, पेठ आणि दुकान यांचा उल्लेख टाळला आहे.

या नोंदीचा विषय लाळेऱ्यांपुरताच आहे, कारण बिघाड तिथेच झाला. लाळेऱ्याची रचना साधी होती. पुढच्या बाजूला इचलकरंजीच्या यंत्रमागावरचे छापील सुती कापड, मागे टॉवेलचे कापड, आणि दोन्ही थर एकत्र धरून सर्व काठांना लाल सुती पट्टीचा गोट, म्हणजे काठ आत झाकून घेणारी दुमडलेली पट्टी. बाहेरच्या काठाची लांबी ३० इंच आणि गळ्याची १२ इंच होती. गळ्याचा गोट दोन्ही टोकांना दहा-दहा इंच पुढे नेऊन त्याचेच बंद करायचे होते. तयार गोटाची रुंदी तीन सूत, म्हणजे ३/८ इंच ठेवायची होती.

असा गोट गोल काठावर बसायचा असेल, तर पट्टी उरेब, म्हणजे उभ्या-आडव्या धाग्यांना ४५ अंशांत तिरपी कापावी लागते, हे शिवणाऱ्या प्रत्येकीला माहीत असते. मात्र त्यामागचे कारण पुढच्या सगळ्या निर्णयांच्या मुळाशी असल्यामुळे ते इथे मांडते. विणलेल्या कापडाचा उभा धागा ओढला तर फारसा लांबत नाही, आणि आडव्याचेही जवळजवळ तसेच असते. कापड ४५ अंशांच्या तिरप्या दिशेने ओढले, तर धागे स्वतः न ताणता एकमेकांवर झुकतात, विणीतल्या चौकटी तिरक्या होतात, आणि पट्टी लांबते. ती जेवढी लांबते त्या प्रमाणात अरुंदही होते. हे अरुंद होणे बहुतेकींच्या लक्षात राहत नाही, आणि या प्रकरणात निम्मे नुकसान त्यामुळेच झाले.

अडचण

पहिली २४ लाळेरी दुकानात पोहोचली, तेव्हा ती दिसायला सुरेख होती. दुकानमालकांच्या घरी नवा माल आला की त्यातला एक नग धुऊन पाहण्याची पद्धत होती. धुऊन वाळवल्यावर ते लाळेरे वाटीसारखे आत वळले. गोटाला पीळ पडला आणि तो दोरीसारखा दिसू लागला. मागच्या बाजूला तीन ठिकाणी टीप गोटावर न पडता नुसत्या टॉवेलवर पडलेली होती, तिथे पट्टीची दुमड उघडी पडली. दुकानाने सर्व २४ नग परत पाठवले आणि उरलेल्या ९६ नगांचे काम थांबवायला सांगितले. मागणी मात्र रद्द केली नाही.

गटात पहिली प्रतिक्रिया अशी होती की कापडच वाईट निघाले. दुसरी प्रतिक्रिया अधिक दुखावणारी होती, कारण गोट लावण्याचे काम गटातल्या सर्वांत अनुभवी काकूंकडे होते आणि बोट त्यांच्याकडे वळले. काकूंचे म्हणणे ठाम होते: “मी तीस वर्षं ब्लाउजचं गळं असंच बसवतो, ताई. पट्टी वढल्याबिगर गळा अंगाला बसतच न्हाई.” हे वाक्य अगदी बरोबर आहे, आणि बिघाडाचा एक धागा नेमका याच वाक्यात होता.

कारणांचा शोध

मी एका परत आलेल्या, न धुतलेल्या लाळेऱ्याचा गोट पूर्ण उसवला. उसवलेली पट्टी सपाट ठेवून, न ओढता मोजली, तेव्हा बाहेरच्या ३० इंचांच्या काठावर फक्त २७ इंच पट्टी लावलेली आढळली. म्हणजे पट्टी सबंध काठभर ओढून लावलेली होती.

काठाच्या वळणाचा हिशेब असा आहे. लाळेऱ्याचा खालचा भाग अर्धगोल आहे. टीप काठापासून तीन सूत आत पडते आणि गोटाची दुमड काठावर येते. अर्ध्या गोलाच्या वळणात या दोन रेषांच्या लांबीत सुमारे १.२ इंचांचा फरक पडतो, आणि वळण मोठे असो वा लहान, एकूण फरक तेवढाच राहतो, फक्त लहान वळणात तो थोड्या लांबीत सामावून घ्यावा लागतो. बाहेरच्या काठावर दुमडीची रेषा टिपेच्या रेषेपेक्षा लांब असते, म्हणून तिथे पट्टी सैल सोडावी लागते. गळ्याला याच्या उलट घडते. तिथे दुमडीची रेषा टिपेच्या रेषेपेक्षा आखूड असते, म्हणून पट्टी किंचित ओढून लावली तरच दुमड आत ओढली जाऊन गळ्याला चिकटून बसते, नाहीतर ती उभी राहते. काकूंचा हात तीस वर्षे गळ्यांवर आणि मुंढ्यांवर तयार झालेला होता. ब्लाउजला बाहेरच्या बाजूला वळलेला काठ सहसा येतच नाही. त्यामुळे गळ्यावर योग्य असलेली ओढ त्यांच्या हाताने सवयीने बाहेरच्या काठावरही दिली.

दुसरे कारण कापणीच्या टेबलावर सापडले. लाल कापड कटपीसमधून आणलेले, लांबीला तोकडे होते. खऱ्या उरेबीत पट्ट्या कापल्या असत्या, तर त्या आखूड निघाल्या असत्या आणि जोड वाढले असते. कापणी करणाऱ्या ताईंनी जोड वाचवण्यासाठी रेषा आडव्या धाग्याकडे झुकवली आणि पट्ट्या साधारण ३० अंशांत कापल्या. खरी उरेब तपासण्याची रीत सोपी आहे. कापडाचा कोपरा असा दुमडायचा की उभा धागा आडव्या धाग्याशी समांतर येईल. जी घडी पडते तीच उरेबीची रेषा. मी खऱ्या उरेबीत कापलेला दहा इंचांचा तुकडा आणि त्यांच्या पट्टीचा दहा इंचांचा तुकडा सर्वांसमोर दोन्ही हातांनी ओढून दाखवला. पहिला सरळ लांबला. दुसरा लांबता लांबता एका कडेला फिरला, कारण त्यातले उभे आणि आडवे धागे ओढीच्या दिशेशी सारखा कोन करत नव्हते. धुतल्यावर पडणाऱ्या पिळाचे मुख्य मूळ मला इथे दिसले.

तिसरे कारण मागच्या टिपेचे. पट्टी दीड इंच रुंद कापली होती, कारण तयार रुंदीच्या चौपट हा सर्वसाधारण नियम गटाला माहीत होता. पातळ कापडावर तो नियम चालतो. इथे आत टॉवेल होता, आणि त्याच्या जाडीवरून वळताना पट्टीची थोडी रुंदी खर्च होते. त्यातच पट्टी ओढल्यामुळे ती अरुंद झालेली. मागची दुमड पहिल्या टिपेच्या पलीकडे पोहोचलीच नाही आणि वरून मारलेली टीप तिला चुकली.

चौथी गोष्ट म्हणजे आटणे. सुती कापड पहिल्या धुण्यात आटते, आणि टॉवेलचे कापड व पातळ छापील कापड सारखे आटत नाहीत. कोणतेच कापड आधी धुतलेले नव्हते. हा निष्काळजीपणा नव्हता. कोल्हापुरातल्या पावसात दोन-दोन दिवस कपडे वाळत नाहीत, आणि थानभर कापड वाळवायला गटाकडे जागा नव्हती. शिवाय नव्या कापडाला खळ होती. खळीच्या कडकपणामुळेच लाळेरी दुकानात पोहोचेपर्यंत सपाट राहिली. ती धुतली जाऊन खळ निघाली, तेव्हा ओढलेली पट्टी आपल्या मूळ लांबीकडे परतली.

पर्याय आणि त्यांवरील चर्चा

गटाच्या बैठकीत चार मार्ग पुढे आले. पहिला, बाजारातून तयार दुमडीची पट्टी आणणे. ती वेळ वाचवते, पण उपलब्ध पट्टी मिश्र धाग्याची आणि कडक होती. बाळाच्या हनुवटीखाली आणि मानेशी ती घासली असती, म्हणून मी तिच्या विरोधात होते आणि गटानेही ती नाकारली. दुसरा मार्ग, गोटच काढून टाकणे: दोन्ही थर उलटे जोडून, एक बाजू उघडी ठेवून उलटवायचे आणि वरून टीप मारायची. शिवणाच्या दृष्टीने हा सर्वांत सुरक्षित पर्याय होता. परंतु दुकानाला लाल गोटाचेच लाळेरे हवे होते, कारण विड्यातल्या दुपट्याला आणि कुंचीलाही तोच गोट होता. तिसरा मार्ग मशीनला गोट लावण्याचा फोल्डर, म्हणजे पट्टी आपोआप दुमडून देणारा जोड, बसवण्याचा. सरळ आणि पातळ कामावर त्याचा उपयोग होतो. इथे जाडी जास्त होती आणि एकाच नगात दोन उलट वळणे होती, तेव्हा पट्टी कुठे सैल सोडायची आणि कुठे ओढायची हे हाताच्या ताब्यात राहणे आवश्यक होते.

उरला तो चौथा मार्ग: सगळे पुन्हा, पण नीट. त्यातही एक उपप्रश्न होता, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. उरेब पट्टी सगळीकडेच हवी का? दुपटे चौकोनी होते, त्याचे काठ सरळ. सरळ काठावर उरेब पट्टी लावली तर उलट ती लावतानाच ताणली जाऊन काठ लहरी होण्याचा धोका असतो. सरळ कापलेली पट्टी कोपऱ्यांवर नीट दुमडून लावली, तर काम स्थिर राहते आणि लवकर होते. तिचा एक तोटा आहे. तिच्या दुमडीवर एकच धागा सलग येतो आणि घर्षणाने तो लवकर झिजतो, तर उरेब पट्टीच्या दुमडीवर अनेक धागे तिरपे येत असल्यामुळे ती अधिक टिकते. दुपटे काही महिनेच वापरात असते, म्हणून हा तोटा आम्ही स्वीकारला. दुपटी आणि कुंचीचा सरळ काठ यांना सरळ पट्टी, लाळेरी आणि झबल्यांचे गळे-मुंढे यांना उरेब, असे ठरले.

परत आलेल्या २४ नगांवरून मतभेद झाले. सगळा गोट उसवावा, असे दोघींचे म्हणणे होते. पण टॉवेलवरची बारीक टीप उसवताना त्याचे फासे ओढले जातात आणि छापील कापडावर छिद्रे राहतात. गटप्रमुख वहिनींनी वेगळा तोडगा सुचवला: बाहेरचा गोट उसवायचाच नाही, काठासकट तीन सूत कापून टाकायचा आणि नवा लावायचा. लाळेरे किंचित लहान होईल, इतकेच. गळ्याला हे करता येत नव्हते, कारण तिथे तीन सूत कापले की गळ्याचा घेर दीड इंचाहून अधिक वाढतो आणि लाळेरे मानेवर राहत नाही. गळ्याची ओढ मुळात बरोबर होती, म्हणून गळ्याचा गोट तसाच ठेवून फक्त त्याची दोन टोके इंचभर उसवायची, असे ठरले. मी याला संमती दिली.

प्रत्यक्ष कृती

पहिल्या दिवशी मशीन चाललेच नाही. टॉवेलचे, छापील आणि नवे लाल कापड गरम पाण्यात भिजवले, पिळून अर्धवट वाळवले आणि ओलसर असतानाच इस्त्रीने पूर्ण वाळवले. विजेचा खर्च झाला, पण पावसात दुसरा उपाय नव्हता. लाल कापडाचा रंग जातो का, हे पांढऱ्या ओल्या फडक्यात दाबून पाहिले. पहिल्या पाण्यात थोडा गेला, तिसऱ्यात थांबला.

पट्टीची रुंदी दीडऐवजी पावणेदोन इंच केली. कापडाचा हिशेब गटातल्या दोघींनी माझ्यासमोर मांडला. नव्या ९६ नगांना प्रत्येकी ६२ इंच आणि जुन्या २४ नगांना बाहेरच्या काठाचे ३० इंच, मिळून ६,६७२ इंच. ३६ इंचांच्या चौकोनातून पावणेदोन इंचांची पट्टी कागदावर ७४० इंच निघते, कोपरे आणि जोड वजा करता साधारण ७०० धरायची. म्हणजे दहा चौकोन. ३६ इंच पन्ह्याचे (रुंदीचे) कापड आटण्याची सवलत धरून साडेनऊ मीटर, तेही अखंड, गांधीनगरच्या बाजारातून आणले.

कापण्याची जबाबदारी एकाच ताईंकडे राहिली, कापताना रेषा झुकवणाऱ्या त्याच ताईंकडे. हा निर्णय वहिनींचा होता आणि तो मला फार आवडला. पट्ट्या जोडताना टोके काटकोनात एकावर एक ठेवून तिरपी टीप मारली, पाव इंच माया ठेवून जोड उघडा दाबला. सरळ जोड दिला असता तर चारही पदर एकाच जागी येऊन तिथे गाठ झाली असती.

पट्टी नेमकी किती लांब घ्यावी, यासाठी तीन नमुने केले. बाहेरच्या ३० इंच काठासाठी एकात २८, दुसऱ्यात साडेएकोणतीस आणि तिसऱ्यात ३१ इंच पट्टी लावली, आणि तिन्ही धुऊन वाळवले. पहिला नमुना थोडा वळला, तिसऱ्याच्या खालच्या वळणावर चुण्या पडल्या, मधला सपाट राहिला. एवढे एक काम सुरुवातीला झाले असते, तर हे प्रकरण लिहायची वेळ आली नसती.

मग क्रम असा ठरला. दोन्ही थर काठापासून पाव इंचावर साध्या टिपेने एकत्र करायचे, म्हणजे टॉवेल सरकत नाही आणि गळा ताणत नाही. पट्टीला इस्त्रीखाली आधीच वळण द्यायचे. काठाचा मध्य आणि पट्टीचा मध्य खडूने खुणावून जुळवायचा, बाजू न ओढता टाचायच्या, आणि पट्टीची जास्तीची सैल लांबी फक्त खालच्या वळणावर वाटायची. पहिली टीप मागच्या बाजूने, मग पट्टी पुढे वळवून दुमड पहिल्या टिपेच्या किंचित पलीकडे नेऊन पुढून दुसरी टीप. हाताने तुरपाई केली असती तर ती अधिक मऊ आणि देखणी झाली असती, हे मी मान्य करते, पण इतक्या लांबीला ती शक्य नव्हती. पुढून टीप मारल्याने ती डोळ्यांसमोर राहते आणि चुकत नाही. बाहेरचा काठ पूर्ण झाल्यावर गळ्याचा गोट लावायचा, म्हणजे बाहेरच्या गोटाची उघडी टोके त्यात झाकली जातात. सुई १४ ऐवजी १६ नंबरची लावली, टाका थोडा लांब केला आणि फूटचा दाब कमी केला.

काकूंनी बाहेरच्या काठाची पहिली चार लाळेरी माझ्याशेजारी बसून केली. चौथ्याला त्या म्हणाल्या, “हात आपोआप वढतोय बघा, त्याला थांबवायला लागतंय.” त्यांनीच उपाय काढला: बाहेरचा काठ शिवताना डाव्या हाताची दोन बोटे पट्टीच्या मागे ठेवून ती मशीनच्या दिशेने हलके ढकलायची, म्हणजे ओढायला हात मोकळाच राहत नाही. पुढे सगळ्यांनी हीच रीत उचलली.

निष्पत्ती

४० विडे ठरलेल्या तारखेला गेले आणि उरलेले २० आठ दिवसांनी. दुकानाने दोन्ही वेळा एकेक लाळेरे धुऊन पाहिले आणि माल ठेवून घेतला. नव्या ९६ पैकी एकही परत आले नाही. जुन्या २४ पैकी पाच परत आली, आणि पाचही गळ्याच्या गोटाला पीळ पडल्यामुळे. ती गटाने बदलून दिली. या कामात गटाला अपेक्षेइतकी मजुरी सुटली नाही, पण दुकानाचे काम टिकले.

वेगळे काय करता आले असते

त्या पाच लाळेऱ्यांची चूक माझी आहे. गळ्याची ओढ बरोबर होती, हे माझे निदान योग्य होते, पण ती पट्टीसुद्धा त्याच ३० अंशांत कापलेल्या कापडातली होती, हे मला माहीत असून मी ओढ आणि कोन या दोन गोष्टी वेगळ्या धरल्या नाहीत. गळ्याचा गोट उसवून छिद्रांवर रुंद गोट बसवता आला असता. तो तेवढा सुबक दिसला नसता, पण त्याला पीळ पडला नसता. किमान एक जुने लाळेरे दुरुस्तीनंतर पुन्हा धुऊन पाहायला हवे होते. नव्यांचे नमुने आम्ही धुतले, जुन्यांचे नाही.

मागणी घेताना गटाने दुकानाला एक नमुना नग दाखवला होता, तो न धुतलेला. तो आधी तीनदा धुऊन दाखवण्याची अट दोन्ही बाजूंनी घालायला हवी होती. मागच्या थराला टॉवेलऐवजी मऊ फ्लॅनेल घेण्याचाही विचार करता आला असता. त्याने लाळ थोडी कमी शोषली जाते, पण जाडी कमी असल्यामुळे गोट बसवणे बरेच सोपे होते. दुकानाशी त्यावर बोलणेच झाले नाही.

कापणीच्या ताईंनी जोड वाचवण्यासाठी कोन बदलला, तेव्हा त्यांनी कोणाला विचारले नाही. विचारावे असे वाटण्याजोगी पद्धतच गटात नव्हती. कटपीस तोकडा आहे हे त्या दिवशी एकीने मोठ्याने म्हटले असते, तर वहिनींनी अखंड कापड आणले असते, असे त्या स्वतः सांगतात. आता पट्ट्या कापण्यापूर्वी कापडाचा कोपरा दुमडून पडलेली घडी दुसरी कोणीतरी पाहते आणि मगच कात्री लागते. साडेएकोणतीस इंच पट्टी लावलेले नमुन्याचे लाळेरे गटाच्या कपाटात ठेवले आहे, आणि बाहेरचा गोल काठ असलेले कोणतेही काम आले की काकू आधी ते बाहेर काढतात.